एसएपीमधला कॉन्फिगरेशनचा बदल डेव्हलपमेंटपासून प्रॉडक्शनपर्यंत कसा न्यायचा

एसएपी म्हणजे कंपन्यांचे हिशेब, खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याच्या प्रोजेक्टवर नवा फंक्शनल कन्सल्टंट, म्हणजे व्यवसायाच्या गरजेप्रमाणे सेटिंग करणारा माणूस, आला की त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं, "डेव्हमध्ये कर, ट्रान्सपोर्टमध्ये घे, नंबर बेसिसला पाठव." म्हणजे डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये सेटिंग (कॉन्फिगरेशन) बदलायचं, तो बदल ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट नावाच्या गठ्ठ्यात घ्यायचा आणि तिचा नंबर सिस्टिम सांभाळणाऱ्या बेसिस टीमला द्यायचा. बदल बहुतेक वेळा असाच पार पडतोही. गाडी अडते ती दोन प्रश्नांवर: या रिक्वेस्टच्या आत नेमकं काय आहे, आणि तिच्या आधी काय जायला हवं? या दोन्हींची उत्तरं स्वतःकडे असल्याशिवाय कोणताही नंबर कोणाला पाठवू नका. बाकीच्या पायऱ्या त्यांच्या भोवतीच फिरतात.

उदाहरण एकच घेऊ. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजावटीला मिळेल, ही आयकरातली तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या फायनान्स टीमनी ४५ दिवसांची वेगळी पेमेंट टर्म (बिलाचे पैसे किती दिवसांत द्यायचे याचा सिस्टिममधला नियम) मागून घेतली. आपण तिला झेड०४५ म्हणू. बदल दिसायला लहान आहे, पण नवशिक्याला अडकवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यात भेटते.

आधी जागा ओळखा

बहुतेक ठिकाणी तीन सिस्टिम असतात: डेव्हलपमेंट (जिथे बदल करायचा), क्वालिटी (जिथे तो तपासायचा) आणि प्रॉडक्शन (जिथे कंपनीचे खरे व्यवहार चालतात). प्रत्येक सिस्टिममध्ये तीन आकडी नंबराचे क्लायंट, म्हणजे आपापला डेटा असलेले स्वतंत्र कप्पे, असतात. डेव्हलपमेंटमध्ये सहसा निदान दोन: एक कॉन्फिगरेशनचा, ज्याला गोल्डन क्लायंट म्हणतात आणि ज्यात एकही व्यवहार पोस्ट करायचा नसतो, आणि दुसरा युनिट टेस्टचा, म्हणजे आपला बदल स्वतः तपासण्याचा. लॉगिन केल्यावर आपण कोणत्या सिस्टिमच्या कोणत्या क्लायंटमध्ये आहोत, हे खालच्या स्टेटस बारवर बघायची सवय लावून घ्या.

क्लायंटमध्ये काय बदलता येतं ते एससीसी४ मध्ये ठरतं (असे कोड म्हणजे एसएपीचे वेगवेगळे पडदे उघडणारे ट्रान्झॅक्शन कोड). गोल्डन क्लायंटला बदलांची आपोआप नोंद चालू हवी, म्हणजे सेव्ह करताना सिस्टिम स्वतःहून रिक्वेस्ट मागते. टेस्ट क्लायंटमध्ये थेट कॉन्फिगरेशन बंद ठेवावं. प्रॉडक्शन तर कुलूपबंदच हवं, क्लायंटच्या पातळीवरही आणि क्रॉस-क्लायंट (सगळ्या क्लायंटना लागू होणाऱ्या) बदलांसाठीही. "पाच मिनिटांसाठी प्रॉडक्शन उघडा, एकच एंट्री आहे" ही विनंती कोणाचीही असो, ती नाकारावी असं आमचं ठाम मत आहे. ती एंट्री डेव्हमध्ये नसते. पुढे त्याच की-ची (एंट्री ओळखण्याच्या खुणेची) एखादी रिक्वेस्ट गेली की हाताने केलेला बदल पुसला जातो, आणि तो का गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

बदल करा आणि रिक्वेस्टमध्ये घ्या

गोल्डन क्लायंटमध्ये ओबीबी८ उघडा. जवळची एखादी जुनी टर्म कॉपी करा किंवा नवी एंट्री करा. की चार अक्षरांची असते: झेड०४५. ही टर्म व्हेंडरसाठी (पुरवठादारासाठी) आहे, म्हणून अकाउंट टाइपमध्ये व्हेंडरवर टिक करा. बेसलाइन डेट, म्हणजे मुदत जिच्यापासून मोजायची ती तारीख, कुठून यावी ते फायनान्सला विचारून ठरवा. कायद्यातली मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजतात. इथे डॉक्युमेंट डेट टाकली आणि बिल मालाच्या आधीचं असलं, तर सिस्टिम मुदत लवकर संपवेल. पोस्टिंग डेट टाकली आणि बिल महिनाभर टेबलावर पडून राहिलं, तर मुदत उशिरा संपेल. हा निर्णय कन्सल्टंटने एकट्याने घ्यायचा नाही. मग पहिल्या ओळीत टक्केवारी रिकामी ठेवून ४५ दिवस भरा आणि सेव्ह करा.

आता सिस्टिम कस्टमायझिंग (कॉन्फिगरेशनची) रिक्वेस्ट मागेल. नवी रिक्वेस्ट तयार करताना वर्णन असं लिहा की सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळेल: "एफआय-एपी: एमएसएमई पेमेंट टर्म झेड०४५, बदल क्रमांक अमुक". "टेस्ट", "न्यू चेंज" किंवा नुसतं स्वतःचं नाव, अशी वर्णनं इम्पोर्टच्या (रिक्वेस्ट पुढच्या सिस्टिममध्ये भरण्याच्या) रात्री सगळ्यांना महागात पडतात. नंबर डेव्हके९००१२३ अशा धाटणीचा मिळतो: सुरुवातीला सिस्टिमची तीन अक्षरं, मग के, मग सहा आकडे. रिक्वेस्टच्या खाली प्रत्येकाच्या नावाचं टास्क असतं आणि तुमचा बदल तुमच्या टास्कमध्ये बसतो.

प्रोग्रॅम, टेबलची रचना, डेटा एलिमेंट (टेबलच्या रकान्याची व्याख्या) अशा सगळ्या क्लायंटना सामाईक असलेल्या गोष्टी वर्कबेंच रिक्वेस्टमध्ये जातात. कस्टमायझिंग करतानाही कधी कधी सिस्टिम वर्कबेंच रिक्वेस्ट मागते. तसं झालं की थांबा. तुमचा बदल त्या सिस्टिमच्या सगळ्या क्लायंटवर परिणाम करणार आहे, याची ती खूण आहे.

रिक्वेस्टच्या आत काय असतं

एसई१० उघडा, आपली रिक्वेस्ट शोधा, टास्क उलगडा आणि ऑब्जेक्टवर डबल क्लिक करत टेबलच्या की-पर्यंत जा. तिथे पेमेंट टर्म साठवणाऱ्या टी०५२ टेबलखाली क्लायंट, झेड०४५ आणि डे लिमिट इतकंच दिसेल. "४५ दिवस" हे मूल्य कुठेच दिसणार नाही.

कारण कस्टमायझिंग रिक्वेस्टमध्ये फक्त की साठवलेली असते. मूल्यं वाचली जातात रिलीजच्या क्षणी, म्हणजे रिक्वेस्ट बंद होऊन एक्स्पोर्ट होताना. यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही रोजच्या कामात भेटतात.

एक, तुम्ही सोमवारी ४५ भरलं, बुधवारी सहकाऱ्याने तीच एंट्री उघडून ६० केलं, आणि गुरुवारी तुम्ही रिलीज केलं, तर तुमच्या रिक्वेस्टमधून ६० जाईल. प्रोग्रॅमसारख्या ऑब्जेक्टला रिक्वेस्टचं लॉक लागतं आणि दुसऱ्याला अडवलं जातं. कस्टमायझिंगच्या एंट्रीला असं लॉक नसतं, एकच की चार जणांच्या चार रिक्वेस्टमध्ये सुखेनैव बसते.

दोन, की रिक्वेस्टमध्ये आहे पण रिलीजच्या वेळी ती एंट्री डेव्हमध्ये नाही, तर पुढच्या सिस्टिममधून ती डिलीट होते. एखादी एंट्री काढून टाकण्याची अधिकृत पद्धत हीच आहे. म्हणून अनवधानाने जास्तीच्या की आल्या असतील तर त्या रिलीजआधी काढायच्या.

तीन, एखाद्या ग्रिडमध्ये सगळ्या ओळी निवडून रिक्वेस्टमध्ये घेतल्या, तर ज्यांना हातही लावला नाही अशा चाळीस ओळी तुमच्याबरोबर निघतील, आणि त्यांतल्या काहींवर दुसऱ्या कोणाचं अर्धवट काम चालू असेल. घ्यायच्या तेवढ्याच ओळी घ्या.

रिलीजआधी टेस्ट

रिलीज झालेली रिक्वेस्ट परत उघडता येत नाही, दुरुस्तीला नवी रिक्वेस्ट लागते. म्हणून आधी युनिट टेस्ट करा. त्याच सिस्टिमच्या टेस्ट क्लायंटमध्ये लॉगिन करा आणि एससीसी१ चालवा. सोर्स क्लायंट म्हणून गोल्डन क्लायंट द्या, रिक्वेस्ट नंबर टाका, टास्कसह घेण्याचा पर्याय निवडा. नव्या एस४ हाना आवृत्त्यांमध्ये याच कामासाठी एससीसी१एन आहे. रिलीज न करता बदल टेस्ट क्लायंटमध्ये येतो.

मग एफबी६० मध्ये एक बिल टाका, बेसलाइन डेट १ एप्रिल द्या आणि देय तारीख १६ मे येते का बघा. महिनाअखेरची तारीख, क्रेडिट मेमो आणि पर्चेस ऑर्डरवरून आलेलं बिल, हे तिन्हीही तपासा. टर्म ओबीबी८ मध्ये दिसली म्हणजे टेस्ट झाली, असं धरून चालू नका.

रिलीज आणि क्वालिटी

एसई१० मध्ये आधी टास्क रिलीज करा, मग रिक्वेस्ट. टास्क राहिलं असेल तर रिक्वेस्ट रिलीज होणार नाही. रिलीज झाली की ट्रान्सपोर्ट डिरेक्टरीत दोन फाइली तयार होतात: कोफाइल्स फोल्डरमध्ये के९००१२३.डेव्ह आणि डेटा फोल्डरमध्ये आर९००१२३.डेव्ह. पहिलीत रिक्वेस्टची माहिती, दुसरीत प्रत्यक्ष मजकूर. दुसऱ्या लँडस्केपमध्ये (सिस्टिमच्या दुसऱ्या संचात) हाताने रिक्वेस्ट न्यायची असेल तर या दोन्ही लागतात. एकच पाठवून "इम्पोर्ट होत नाही" म्हणणारे मेल नेहमीचेच आहेत. एक्स्पोर्टचा लॉग तिथल्या तिथे उघडून बघा.

क्वालिटीत इम्पोर्ट एसटीएमएस मधून होतो आणि बहुतेक ठिकाणी तो बेसिस टीम करते. तरी पडदा ओळखीचा हवा. इम्पोर्ट क्यू उघडून रिफ्रेश केल्यावर रिक्वेस्ट दिसते. वर ट्रकची दोन चिन्हं असतात. अर्धा भरलेला ट्रक फक्त निवडलेल्या रिक्वेस्ट नेतो, पूर्ण भरलेला ट्रक क्यूमधलं सगळं नेतो. चुकीच्या ट्रकवर क्लिक झालं तर कोणाचं तरी न तपासलेलं काम पुढे जातं. टार्गेट क्लायंटचा नंबरही दोनदा वाचा.

इम्पोर्टनंतर रिटर्न कोड येतो. ० म्हणजे सगळं ठीक. ४ म्हणजे इम्पोर्ट झाला पण इशारे आहेत. ते वाचा, बरेचसे निरुपद्रवी असतात. ८ म्हणजे काही ऑब्जेक्ट गेले नाहीत किंवा ॲक्टिव्हेट झाले नाहीत. १२ किंवा त्यावर म्हणजे इम्पोर्टच मोडला, आणि काम बेसिसचं.

इथे एक फसवी जागा आहे. नव्या टेबलची रिक्वेस्ट गेली आणि त्यातलं डेटा एलिमेंट दुसऱ्याच रिक्वेस्टमध्ये मागे राहिलं, तर ॲक्टिव्हेशन फसून कोड ८ येतो, म्हणजे सिस्टिम ओरडून सांगते. कस्टमायझिंगचं तसं नाही. त्याच्या ओळी सरळ टेबलात लिहिल्या जातात आणि त्या ज्या दुसऱ्या एंट्रीवर अवलंबून आहेत ती समोर आहे की नाही, हे तपासलं जात नाही. कोड ० येतो, हिरवा दिवा दिसतो, आणि चूक कळते ती वापरणाऱ्याने व्यवहार टाकल्यावर. फंक्शनल कन्सल्टंटसाठी रिटर्न कोड हा पुरावा नव्हे. क्वालिटीत तोच व्यवहार पुन्हा टाकून बघणं हाच पुरावा.

क्रम

झेड०४५ ची पहिली रिक्वेस्ट ९००१२३. टेस्टमध्ये बेसलाइन डेट चुकलेली निघाली, म्हणून दुरुस्ती ९००१५० मध्ये केली. क्वालिटीत दोन्ही गेल्या, टेस्ट पास झाली. प्रॉडक्शनच्या यादीत मात्र कोणीतरी फक्त ९००१५० लिहिलं, कारण "शेवटची तीच बरोबर आहे". या साध्या एंट्रीत ते खपून जाईल. पण ९००१२३ मध्ये आणखी एखादी एंट्री असेल तर ती मागे राहिली. आठवड्याने कोणाच्या तरी लक्षात येऊन ९००१२३ पाठवली, की जुनी बेसलाइन डेट नव्या दुरुस्तीवर बसते. शेवटी इम्पोर्ट झालेली रिक्वेस्ट जिंकते, नंबर मोठा असो वा लहान.

उपाय कंटाळवाणा आहे आणि हमखास चालतो: एक तक्ता. प्रत्येक ओळीत रिक्वेस्ट नंबर, वर्णन, रिलीजची वेळ, क्वालिटीत गेल्याची वेळ, कोणावर अवलंबून, टेस्ट कोणी पास केली, आणि हाताने करायचं काम. प्रॉडक्शनचा क्रम क्वालिटीतल्या इम्पोर्टच्या क्रमासारखाच ठेवा, कारण टेस्ट त्याच क्रमाची झालेली असते. सोल्युशन मॅनेजरमधलं चार्म किंवा बदलांचा प्रवास सांभाळणारं तसं साधन असेल तर हे बरंचसं तिथे बांधलेलं मिळतं. तरी "कोणावर अवलंबून" हा रकाना माणसालाच भरावा लागतो.

दुरुस्त्या पाच-सहा झाल्या असतील तर पुढच्या वेळी ट्रान्सपोर्ट ऑफ कॉपीज वापरा. मूळ रिक्वेस्ट उघडी ठेवायची, तिच्या ऑब्जेक्टची प्रत एसई०१ मधून वेगळ्या रिक्वेस्टमध्ये घेऊन क्वालिटीत पाठवायची, टेस्ट पास झाल्यावरच मूळ रिलीज करायची. प्रती प्रॉडक्शनच्या क्यूत जात नाहीत. पुढे जाते ती एकच, पूर्ण रिक्वेस्ट.

जे ट्रान्सपोर्टने जात नाही, किंवा जाऊ देऊ नये

झेड०४५ प्रॉडक्शनमध्ये पोचली तरी एकाही व्हेंडरचे पैसे ४५ दिवसांत जाणार नाहीत, कारण टर्म व्हेंडरवर लावणं हा मास्टर डेटा (व्हेंडर, दर यांची साठवून ठेवलेली माहिती) आहे आणि तो प्रॉडक्शनमध्येच बदलायचा असतो. तोही दोन ठिकाणी. कंपनी कोडच्या पातळीवरची टर्म थेट एफआयमध्ये (फायनान्स मॉड्यूलमध्ये) टाकलेल्या बिलाला लागते, पर्चेसिंग ऑर्गनायझेशनच्या पातळीवरची पर्चेस ऑर्डरला. एकच बदलली की निम्मी बिलं जुन्याच मुदतीने चालतात. शिवाय आधीच काढलेल्या पर्चेस ऑर्डरवर जुनी टर्म कॉपी झालेली असते, ती आपोआप बदलत नाही. हे सगळं कटओव्हरच्या, म्हणजे बदल प्रॉडक्शनमध्ये लागू करताना करायच्या कामांच्या, यादीत नावानिशी लिहा.

नंबर रेंज. डॉक्युमेंटना मिळणाऱ्या क्रमांकांच्या या पट्ट्या आपोआप रिक्वेस्टमध्ये येत नाहीत आणि आणूही नयेत. इंटरव्हल ट्रान्सपोर्ट केला तर त्याच्याबरोबर चालू नंबरही जातो. प्रॉडक्शनचा काउंटर डेव्हच्या आकड्यावर आला की पुढची पोस्टिंग आधी वापरलेल्या नंबरांवर आदळतात. एफबीएन१ मध्ये प्रत्येक सिस्टिमला हाताने इंटरव्हल तयार करा.

टॅक्स कोड. एफटीएक्सपी मध्ये केलेला कोड सेव्ह करताना रिक्वेस्ट विचारली जात नाही. मेनूमधून वेगळा एक्स्पोर्ट करावा लागतो, आणि रिक्वेस्ट पोचल्यावर टार्गेट क्लायंटमध्ये एफटीएक्सपी मधूनच इम्पोर्टची पायरी चालवावी लागते. तिच्यातून बॅच इनपुट सेशन (नोंदी आपोआप भरणारं काम) तयार होतं, ते एसएम३५ मध्ये चालवल्याशिवाय कोड दिसत नाही. कोडला जोडलेली जीएल खाती ओबी४० मधली, त्यांची रिक्वेस्ट निराळी. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा हे सगळं मोजक्या दिवसांत करावं लागणार होतं. अशा वेळी वापरात असलेल्या कोडची टक्केवारी कधीही बदलू नका. जुन्या दराच्या बिलांची क्रेडिट नोट आणि रिव्हर्सल जुन्याच कोडवर यायला हवी. नवा कोड करा आणि कंडिशन रेकॉर्डला (कराच्या दराच्या नोंदीला) नव्या तारखेची वैधता द्या. एफव्ही११ मधली कंडिशन रेकॉर्ड हाही मास्टर डेटाच, ती कॉन्फिगरेशनबरोबर जाणार नाहीत.

फॅक्टरी कॅलेंडर. १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी राहून गेली, म्हणून एससीएएल मधून ट्रान्सपोर्ट केलं, तर फक्त तुमचं कॅलेंडर जात नाही. डेव्हमधल्या सगळ्या सुट्ट्या आणि सगळी कॅलेंडरं समोरच्या सिस्टिमवर जाऊन बसतात, आणि तीही सगळ्या क्लायंटसाठी. आधी डेव्ह आणि प्रॉडक्शनची कॅलेंडरं ताडून बघा.

पोस्टिंग पीरियड आणि विनिमय दर हे चालू सेटिंग म्हणून प्रॉडक्शनमध्ये थेट बदलता येतात, त्यासाठी सिस्टिम उघडावी लागत नाही. बॅकग्राउंड जॉब आणि आरएफसी डेस्टिनेशन (दुसऱ्या सिस्टिमशी जोडणीच्या नोंदी) प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळे बसवायचे असतात.

प्रॉडक्शन

इम्पोर्टची वेळ महिनाअखेर, पेमेंट रन आणि मोठे रात्रीचे जॉब टाळून ठरवा. चालू प्रोग्रॅमच्या खालून त्याचा कोड बदलला तर तो मध्येच डंपमध्ये (चूक दाखवून बंद) पडू शकतो. निव्वळ कस्टमायझिंगला हा धोका कमी, पण अर्धी बिलं जुन्या नियमाने आणि अर्धी नव्याने, हा घोळ त्यातूनही होतो.

इम्पोर्टआधी एससीयू० मधून संबंधित टेबल डेव्ह आणि प्रॉडक्शनमध्ये ताडा. फरक फक्त तुमच्या बदलाएवढाच दिसला पाहिजे. जास्त दिसला तर आधी त्याचा मालक शोधा. बदलाआधीच्या प्रॉडक्शनमधल्या मूल्यांचा स्क्रीनशॉट किंवा डाउनलोड तक्त्याला जोडून ठेवा, कारण ट्रान्सपोर्टला "मागे घ्या" असं बटण नाही. मागे फिरायचं म्हणजे डेव्हमध्ये जुनं मूल्य पुन्हा भरून नवी रिक्वेस्ट त्याच वाटेने पाठवणं. झेड०४५ वर एकदा बिलं पोस्ट झाली की ती टर्म डिलीटही करू नका. व्हेंडरवरून काढा आणि एंट्री राहू द्या.

इम्पोर्ट झाल्यावर प्रॉडक्शनमध्ये खोटं बिल टाकून बघायचं नसतं. ओबीबी८ मध्ये मूल्य वाचा, मास्टर डेटा बदलून घ्या, आणि पहिलं खरं बिल पडल्यावर फायनान्सच्या माणसाबरोबर बसून देय तारीख तपासा.

क्वालिटी रिफ्रेश

वर्षातून एकदा-दोनदा प्रॉडक्शनची प्रत क्वालिटीवर टाकली जाते. तेव्हा क्वालिटीत गेलेलं पण प्रॉडक्शनला न गेलेलं सगळं काम तिथून नाहीसं होतं. रिफ्रेशच्या आदल्या दिवशी तक्त्यातून अशा रिक्वेस्टची यादी त्याच क्रमाने काढून बेसिसला द्या, आणि रिफ्रेशनंतर त्या पुन्हा इम्पोर्ट करून घ्या. हाताने केलेली कामंही, म्हणजे नंबर रेंज, टॅक्स कोडचं सेशन, आरएफसी, त्याच यादीत लिहा. टेस्टर क्वालिटीत शिरायच्या आधी ही यादी पूर्ण झालेली हवी, नाहीतर पहिले दोन दिवस बंद झालेले दोषच पुन्हा नोंदवण्यात जातात.